जी. ओ. अक्षरांचा सदरा

हार्करनेस, १८ ऑक्टोबर १७८१

हेस्टर ऑक्सटोबी बाईंना,

तुमची माझी ओळख नाही. मी या गावच्या चर्चचा पाद्री. हे पत्र उभ्याउभ्या वाचू नका, आधी बसा, एवढी विनंती.

सप्टेंबरअखेरच्या वादळानंतर आमच्या किनाऱ्याला एका खलाशाचं प्रेत लागलं. आम्ही त्याला रीतसर पुरलं. तो कुठला, कोणत्या जहाजावरचा, काहीच कळलं नाही. खिसे रिकामे होते. फक्त सदऱ्याच्या गळ्याला आतून निळ्या दोऱ्याने 'जी. ओ.' ही अक्षरं काढलेली होती आणि त्यांच्याखाली एक छोटी मासळी. तेवढा तुकडा मी कापून ठेवला.

किनाऱ्यावरच्या बऱ्याच गावांच्या पाद्र्यांना मी त्या माणसाचं वर्णन कळवलं. अजून कुणाचं उत्तर नाही. पण परवा व्हिटबीचा एक मासळीचा गाडीवान आमच्याकडे आला होता. त्याला तुकडा दाखवला, तर पाहताक्षणी म्हणाला, "ही ऑक्सटोबीच्या बायकोची मासळी. ती शिवते त्या प्रत्येक कपड्यावर असते. सगळ्या व्हिटबीला ठाऊक आहे, तुम्हालाच नाही."

तुकडा सोबत आहे. तो तुमच्या हातचा असेल तर तुमच्या पतीचं नाव, वय, उंची, केस, अंगावरच्या खुणा कळवा. त्यांचे आईवडील कोण, कुठले, तेही कळवा. तो माणूस कोण होता हे मला जाणून घ्यायचं आहे, नुसत्या नावाने भागणार नाही. चुकीच्या नावाखाली कुणाला पुरणं म्हणजे त्याला दुसऱ्यांदा बुडवणं, असं मी त्या रात्री रोजनिशीत लिहिलं आणि ते अजून मला खरं वाटतं.

आपला,
अँब्रोज केटलवेल


व्हिटबी, २४ ऑक्टोबर

पाद्रीसाहेब,

बसून वाचलं. तुकडा माझ्याच हातचा. मासळीची शेपटी डावीकडे वळते ना, ती माझी खोड. आईने त्यासाठी बोटांवर पट्टी मारलीय.

नवरा गॅब्रिएल ऑक्सटोबी, वय तीस. बाप जेकब इथलाच, कोळशाच्या जहाजांवर होता. आई हॅना. दोघंही गेली. भाऊबहीण नाही. अडीच वर्षांपूर्वी शील्ड्सच्या धक्क्याजवळ आरमाराच्या टोळीने गेबला सक्तीने उचलून नेला. दारूच्या गुत्त्यात सापडला असं लोक सांगतात, त्यांच्या जिभेला हाड नाही. तो न्हाव्याकडे होता. अर्धी दाढी झालेली, तसाच नेला. वर तो न्हावी दाढीचे पैसे मागायला माझ्या घरी. मी म्हटलं, अर्धे देते. त्यानंतर गेबचा एकदा निरोप आला. मग काही नाही.

उंची बेताची, केस तपकिरी. खुणा सांगण्यासारख्या नाहीत.

आता माझं काम. मला त्याच्या नावाचा दफनाचा दाखला हवा, सही-शिक्क्याचा, आणि लवकर. दोर वळणारा नेथन क्रॅग्ज मला मागणी घालून बसलाय. आमचे पाद्री म्हणतात, आधी दाखला, मग चर्चमध्ये लग्नाचा पुकारा. पुकारा तीन रविवार व्हायला हवा, आणि डिसेंबर लागला की नाताळ उलटेपर्यंत ते कुणाचं लग्न लावत नाहीत. म्हणजे किती दिवस उरले ते तुम्हीच बघा.

रडले नाही असं समजू नका. ते पत्रात लिहायचं नसतं.

हेस्टर ऑक्सटोबी


हार्करनेस, २९ ऑक्टोबर

हेस्टरबाई,

दाखला लिहायला घेतला आणि लेखणी खाली ठेवली. माझ्यावर रागवाल, पण एक गोष्ट विचारल्याशिवाय मला सही करता येत नाही. उंची आणि केस जुळतात, पण तसे ते या किनाऱ्यावरच्या निम्म्या पुरुषांचे जुळतील. गॅब्रिएल यांच्या हातांविषयी काही सांगाल का? मला काय ऐकायचं आहे ते मुद्दामच लिहीत नाही.

मी उगाच फाटे फोडतो असं माझी घरकामाची बाईसुद्धा म्हणते. असेलही. पण हा दाखला मी एकदाच लिहू शकतो.

अँब्रोज केटलवेल


व्हिटबी, १ नोव्हेंबर

पाद्रीसाहेब,

हात दोन होते. एकाने जेवायचा, दुसऱ्याने मला चिमटे काढायचा.

मस्करी सोडा. अडीच वर्षं माणूस आरमारात आहे. तोफा, दोर, आकडे, लढाया. तिथे त्याचं काय तुटलं, काय कापलं, ते मला कोण कळवणार? तुम्हाला हातात काही कमी दिसलं असेल, तर मी पाठवलेला माणूस अख्खा होता, एवढंच सांगू शकते. ज्यांनी नेला त्यांना विचारा, अर्धा कसा परत केलात म्हणून.

अक्षरं माझी, मासळी माझी. आणखी काय पाहिजे? पहिला पुकारा अकरा तारखेच्या रविवारी झाला तरच जमणार आहे.

हेस्टर


हार्करनेस, १८ नोव्हेंबर, रविवार

हेस्टरबाई,

पाच तारखेला दाखला पाठवला तेव्हा सोबत दोनच ओळी लिहिल्या होत्या, कारण जास्त लिहिलं असतं तर पाठवला नसता. त्याच दिवशी कबरीवरच्या फळीवर गॅब्रिएल ऑक्सटोबी हे नाव घातलं. आज तुमच्याकडे दुसरा पुकारा झाला असेल. हे पत्र मी त्या गाडीवानाच्या हाती देतो आहे. टपालावर विसंबण्याइतका वेळ नाही.

शुक्रवारी आमच्या खाडीत आरमाराचं एक जहाज नांगरलं. त्यावरचा एक खलाशी तापाने गेला होता. त्याला पुरून झाल्यावर कप्तानाने मला जेवायला जहाजावर नेलं. जेवताना वर गलका ऐकू आला, म्हणून मी जाऊन पाहिलं. मुख्य डोलकाठीखाली मेलेल्याच्या कपड्यांचा लिलाव चालला होता. एक दाढीवाला टोपी नाचवत होता.

"बघा, बघा! उंदरांनीसुद्धा नको म्हटलेली टोपी! बोला!"

"एक शिलिंग!"

"लाज बाळग, मुडद्या. त्याच्या घरी चार तोंडं आहेत."

"मग पाच!"

"सात! आणि ही घे तुझी टोपी परत, पुन्हा वीक!"

ती टोपी तीनदा विकली गेली. हसताहसता लोक डोळे पुसत होते. हे पैसे त्याच्या बायकोला जातात, असं शेजारच्या अधिकाऱ्याने मला सांगितलं. मी मनात म्हटलं, माणसं किती चांगली असतात.

मग दुसरं गाठोडं सुटलं. त्यात जवळजवळ नवा कोट होता. कुणी तोंड उघडेना. शेवटी एक जण म्हणाला, "तीन पेन्स." दुसरा म्हणाला, "माझा चाकू घेऊन गेलाय तो. चाकू वजा करून बोला!" सगळे खो खो हसले. हा कोण, असं मी विचारलं. "हा मेला नाही, साहेब. हा पळाला. पाणी भरायला किनाऱ्यावर उतरला तो उतरलाच. याचे पैसे घरी जात नाहीत." ज्याने कोट घेतला त्याने तो तिथेच चढवला. त्याच्या गळ्यापाशी दोऱ्याने काढलेली दोन अक्षरं होती. ती घालणाऱ्याची नव्हती.

मी खाली जेवायला परत गेलो नाही.

आणि काल, माझ्या ऑक्टोबरातल्या पत्रांपैकी एकाचं उत्तर आलं. संडरलंडला चॅपल गल्लीत डॉर्कस स्वॅलवेल नावाची विधवा राहते. तिचा मुलगा लूक आरमारात होता. आजारी पडला म्हणून वसंतात त्याला सोडून दिलं आणि तो कोळशाच्या जहाजावर लागला. सप्टेंबरच्या वादळात तो जहाजावरून पाण्यात पडला. त्याच्या डाव्या हाताची शेवटची दोन बोटं लहानपणीच कपडे पिळायच्या चरकात गेली होती. तुम्हाला हातांविषयी विचारलं ते याचसाठी. मी पुरलेल्या माणसाला ती बोटं नव्हती, आणि जखम जुनी होती. मी स्वतःची समजूत घातली होती की आरमारात गेली असतील. ती आई एवढंच विचारते, "तोच का?"

तर बाई, मला खरं सांगा. जहाजाकडून गॅब्रिएलच्या कपड्यांचे पैसे तुम्हाला कधी आले का? आले असतील तर तो कुठेतरी गेलाच आहे, आणि तुम्ही विधवा आहात. आले नसतील तर त्याने सदरा जुगारात घालवला असेल, चोरीला गेला असेल, हे सगळं मी घोळून पाहिलं आहे. पण सर्वांत सरळ अर्थ एकच निघतो. लूकने तो सदरा अशाच लिलावात घेतला. तो पळाला, आणि तो जिवंत आहे. मग रविवारी तिसरा पुकारा झाला तर तुम्ही एक नवरा असताना दुसरा कराल, आणि तो गुन्हा माझ्या सहीवर उभा असेल.

तुमच्या पाद्र्यांना लिहिलेलं पत्र माझ्या टेबलावर आहे. गुरुवारच्या टपालाने गेलं तरच ते रविवारच्या आत पोचेल. डॉर्कसबाईंना लिहायचं पत्र मात्र अजून सुरूच करता येत नाही.

अँब्रोज केटलवेल


व्हिटबी, २० नोव्हेंबर

पाद्रीसाहेब,

पैसे आले नाहीत.

डोलकाठीखालचा लिलाव तुम्हाला परवा कळला. व्हिटबीत तो पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतो. तुमचा तुकडा हातात आला तेव्हाच मी ओळखलं की हा गेब असेल, नाही तर गेबच्या सदऱ्यातला दुसरा कुणी असेल. तुम्ही हातांचं विचारलंत तेव्हा तर मला जवळजवळ खात्रीच झाली. तरी दाखला मागितला. तुम्हाला फसवलं म्हणा, मी नाही म्हणणार नाही.

पण पुढचं वाचून मग ते पत्र उचला.

गेब पळाला असेल तर त्याला इथे तोंड दाखवता येत नाही. पहिल्याच गल्लीत कुणीतरी ओळखेल. पकडून देणाऱ्याला बक्षीस असतं, आणि उपाशी माणसं आमच्याकडे कमी नाहीत. मग पाठीवर फटके, नाही तर गळ्यात दोर. पत्र पाठवलं तर त्यावरून माग काढतील. म्हणून तो गप्प आहे. मला सांभाळायला गप्प आहे की मला विसरून गप्प आहे, कोण जाणे. मला दोन्हींची झळ सारखीच लागते. तो पळाला हे आरमाराला ठाऊक असेल, गावाला नाही. तुमच्या पत्राने पुकारा थांबला की कारण चारचौघांत येईल, आणि मग माझ्या घरावर पहारा बसेल. कधीकाळी त्याच्या मनात आलंच यायचं, तर तुमच्या त्या कागदावर पाय ठेवून तो फासावर जाईल.

आणि दुसरं. मार्चमध्ये मला मूल होणार आहे. नेथनचं. आत्ता शालीखाली झाकतं, पुढच्या महिन्यात झाकणार नाही. लग्न राहिलं तर गावचे कारभारी मला न्यायाधीशापुढे उभं करून बापाचं नाव विचारतील, आणि पोराच्या नावापुढे काय लिहितील ते तुम्हाला मी सांगायला नको. तुम्हीच लिहिता ते. नेथनला यातलं पोराचंच तेवढं ठाऊक आहे, सदऱ्याचं नाही. माणूस सोन्यासारखा, पण पोटात काही राहत नाही. मला चकित करायला रिबीन आणतो आणि दुकानातून घरी येईपर्यंत वाटेत भेटेल त्याला दाखवतो.

तुम्ही म्हणाल, या बाईला मन आहे की नाही. त्या बुडालेल्या माणसाविषयी मी रोज स्वतःला सांगत होते, त्याचं कुणी नसेल. आता त्याला आई निघाली. अडीच वर्षं मी संध्याकाळी दोन ताटं मांडली आणि एक उचललं. ते मी दुसऱ्या बाईला करायला लावणार नाही. तुम्ही लिहायला कचरताय, म्हणून तिला मीच लिहिलंय, आज दुपारी. तुझा लूक हार्करनेसला आहे, माझ्या नवऱ्याच्या नावाखाली आहे, आणि ते मी होऊ दिलं. का होऊ दिलं तेही लिहिलं. खाली नाव घातलं, गल्ली घातली.

आता माझी मान तुमच्या एकट्याच्या हातात राहिलेली नाही. तुमचं पत्र पाठवायचं तर खुशाल पाठवा. रविवारी मी चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसलेली असेन.

हेस्टर


संडरलंड, २८ नोव्हेंबर

केटलवेल पाद्रीसाहेबांना,

मी सांगते आहे आणि माझी भाची लिहिते आहे. आधीचं पत्र शाळामास्तरने लिहिलं होतं, पण हे त्याला सांगण्यासारखं नाही. भाचीचं तोंड घट्ट आहे. अक्षर वाकडं आहे, ते चालवून घ्या.

व्हिटबीच्या त्या बाईचं पत्र आलं. मी तीनदा वाचायला लावलं. एकदा लूकसाठी, एकदा तिला शिव्या देण्यासाठी, आणि मग एकदा नीट. तिला हे लिहायची काही गरज नव्हती. न लिहिती तर मी मरेपर्यंत बंदरावर प्रत्येक बोटीला विचारत फिरले असते. तुमच्याकडून मात्र अजून एक ओळ नाही. शिकलेल्या माणसांना लिहायला फार दिवस लागतात का हो?

मला विचारलं तर तिचं काय व्हावं? कुणी विचारलेलं नाही, तरी सांगते. मी कुणाकडे बोलणार नाही. मला पोरगा परत मिळणार असता तर बोलले असते, गावभर ओरडले असते.

पण एक ऐका. मी येते आहे. मी यायच्या आत त्या फळीवरचं नाव रंधा मारून काढून टाका. माझ्या लूकच्या डोक्यावर परक्याचं नाव मला खपणार नाही. त्याचंही घालू नका, म्हणजे त्या बाईला बाध येणार नाही. कोण कुठे निजलाय ते ज्यांना ठाऊक नसतं त्यांच्यासाठी नावं असतात. मला ठाऊक आहे. तुमच्या चर्चच्या वहीत काय लिहिलंय ते मला वाचता येत नाही, आणि कुणी वाचून दाखवायलाही नको.

डॉर्कस स्वॅलवेल (खूण तिच्या हातची)


हार्करनेस, १४ डिसेंबर

हेस्टरबाई,

तुमचं लग्न झालं असं गाडीवानाकडून कळलं. वर त्याने सांगितलं की नवरदेव शपथ घेताना तुमच्यापेक्षा मोठ्याने रडला.

मी तुमच्यावर दया केली, असं म्हणून मोकळं होता आलं असतं. घडलं ते असं. गुरुवारी सकाळी तुमचं पत्र मिळालं. दुपारी टपालवाला शिंग फुंकत माझ्या खिडकीखालून गेला. पत्र टेबलावर होतं, मोहोर लावलेलं. मी खुर्चीतून उठलो नाही. तो निर्णय होता की नुसतं न उठणं होतं, हे मी तेव्हापासून रोजनिशीत पुन्हा पुन्हा लिहून पाहतो आहे, आणि रोज उत्तर बदलतं. आमच्या दफनाच्या वहीत तुमचे पती अजून इथे पुरलेले आहेत. ती नोंद मी खोडली तर ती का खोडली तेही लिहावं लागेल, म्हणून खोडलेली नाही. वीस वर्षं मी लोकांना सांगत आलो की सत्याला आपल्या कशाची गरज नसते. हल्ली प्रवचनात त्या वाक्यापाशी आलो की गाडी दुसरीकडे वळवतो.

डॉर्कसबाई मंगळवारी आल्या. ठेंगणी, काटक बाई. फळी कोरी करून ठेवली होती. त्यांनी तिच्यावरून तळहात फिरवला आणि म्हणाल्या, "सुताराने घाई केलीय, कुसळं राहिलीयत." मग विचारलं, "डोकं कुठल्या बाजूला?" मी दाखवलं.

"त्याला धुतला होतात का?"

"गावातल्या बायकांनी धुतलं."

"गरम पाण्याने?"

"मला माहीत नाही."

"पाद्री झालात आणि एवढंही बघितलं नाहीत? विचारून या."

मी गावात जाऊन विचारून आलो. गरम पाण्याने, असं एकीने सांगितलं. तिला नक्की आठवत होतं, का माझ्या चेहऱ्याकडे बघून तिने तसं सांगितलं, ते मला ठरवता आलं नाही. मी तेच जाऊन सांगितलं. त्यांनी मान हलवली. पुढे मी माझ्या चुकीबद्दल काही बोलायला लागलो तर म्हणाल्या, "ते तुमचं तुम्ही बघा, मला त्यात घेऊ नका." मग तासभर तिथे गवतावर बसून राहिल्या. मी थांबावं की जावं हे न कळून भिंतीपाशी उभा राहिलो.

जाताना त्यांनी तुमच्यासाठी निरोप दिला. तो जसाच्या तसा देतो. "तिला म्हणावं, माझ्याकडून काही येणार नाही, ना चांगलं ना वाईट. उरलेलं तिचं तिने निस्तरावं."

अँब्रोज केटलवेल


व्हिटबी, ९ एप्रिल १७८२

पाद्रीसाहेब,

मुलगी झाली, मार्च सरता सरता. नाव जुडिथ. नेथनवर गेलीय, म्हणजे सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं रडते. चर्चच्या वहीत तिच्या नावापुढे बापाचं नाव आहे. मी जाऊन स्वतः बघून आले.

तुम्हाला पत्र लिहीन म्हणता म्हणता चार महिने गेले. आभार मानावेत तर तुम्ही त्याच्यावर पानभर शंका काढाल. म्हणून मानत नाही.

डॉर्कसबाईंच्या निरोपाचा मला आधी राग आला होता, आता तो बरोबर वाटतो. दार वाजलं की नेथन उठायच्या आत मी उठते. तो म्हणतो, "अगं बस, मी बघतो, तू पोरीला घेऊन बसलीयस." मी बसत नाही. आज मीठवाली आली होती. काल नेथनचा भाऊ. परवा कुणीच नव्हतं, वारा होता, तरी मी जाऊन उघडलं.

गेब उभा असला तर पहिलं वाक्य काय बोलायचं, ते मी कडीला हात घालायच्या आत ठरवते. रोज वेगळं ठरवते.

हेस्टर क्रॅग्ज